वल्ह्यातलं मीठ

संक्रांत सरली की येलदरीतून खाली पाणी सुटतं
आणि आमच्या अंगाचं पाणी रोज हातभर मागं जातं.
आधी खुंटा उघडा पडतो, मग चिखल,
मग चिखलाला भेगा,
मग त्या भेगांत कुणीतरी टरबुजाच्या बिया टोचतं.
होडीला तेव्हा काम नसतं.

तिला वर आणायला सहा जण लागतात.
मुंजाजी, म्हणजे माझा बाप, सातवा.
तो हात लावत नाही, नुसता ओरडतो,
"आरं नाक वर धरा तिचं, म्हैस हाय का ती!"
खांदा गेल्यापासून त्याचा आवाज वाढलाय.

गोठ्यामागं चार मेढी, त्यांवर होडी पालथी.
प्रत्येक मेढीला गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा
नरसाळ्यासारखा वळवलेला, तोंड खाली.
उंदीर चढतो, पत्र्याच्या पोटात जातो,
तिथं जरा विचार करतो,
आणि उतरतो.
हे बापाचं शास्त्र.
फटींत निरगुडीचा पाला कोंबायचा, हे आत्याचं.
जाळं आढ्याला टांगायचं
आणि बुडाखालचं बीळ बुजवायचं नाही,
त्यात धामण राहते.
"ती हाय म्हणून होडी हाय," बाप म्हणतो,
तिच्या वाटेवर साधं सरपण ठेवू देत नाही.

तरी ज्वारी काढली की येतातच ते.
रात्री पत्र्यावर नखं वाजतात.
आई अंथरुणातूनच म्हणते, "पडला एक."
मग बऱ्याच वेळानं, "पडला."
झोपते कधी, कुणाला ठाऊक.

ह्या साली होडी शाबूत राहिली.
वल्हं नाही.
बापाचं जुनं वल्हं, सागाचं.
आसाराम आता होडी नेतो, त्याचं वेगळं आहे.
हे मी भिंतीला टेकवलं आणि विसरले.
मृगाच्या तोंडावर डांबर तापवायला घेतलं
तेव्हा दिसलं:
बाकी लाकडाला दात नाही,
फक्त मुठीच्या जागा खाल्लेल्या.

बाप हसला. "मीठ खातेत ते. घामाचं.
पंचवीस वर्सांचं मुरलंय."
त्याला बरंच वाटलं असावं.
वर टोकाला एक जागा,
खाली, जिथं त्याचा डावा हात असायचा, दुसरी.
बोट फिरवलं तर दातांच्या बारीक रेघा,
फणीसारख्या.

आणि दोन्हींच्या मधे
आणखी एक.
अरुंद, चार बोटांची,
हात आखूड असला तर जिथं पोचेल तिथं.

मी वल्हं मारत नाही, सोसायटीचे हिशेब लिहिते.
भावानं पाण्याचं तोंड पाहिलं नाही, तो रांजणगावात कंपनीत.
आणि आई होडीत बसत नाही.
आमच्या घरात हे असं सांगतात
जसं आपली हीर खारी आहे, असं सांगतात.
तिला पाण्याची भोवळ येते.

बाप काविळीनं जिंतूरला पडून होता,
मी चौथीत होते.
त्या हिवाळ्यात आमची चूल एकदाही विझली नाही,
सोसायटीचा हप्ता चुकला नाही.
(वही माझ्याकडंच आहे. पाहिलं.)
सकाळी तिच्या लुगड्याचे काठ ओले असायचे.
विचारलं तर म्हणायची, दहिवर पडलंय.

बापानं त्या मधल्या जागेवर पंजा ठेवला.
मावला नाही.
काढला, परत ठेवला.
तिकडून आई ओरडली,
"डांबर उतू चाललंय, ध्यान कुठाय बापलेकीचं?"
तो उठला. जाता जाता मला म्हणाला,
"तेल पाज त्याला जवसाचं.
मधलं तेवढं ऱ्हाऊ दे."

त्या रात्री होडी अजून मेढींवरच होती.
पत्र्यावर नखं वाजली.
आई म्हणाली, "पडला."
अंधारात बाप कुशीवर वळला,
आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं,
"किती झाले गं?"