दोन पानं

सायमा तळ्याकाठच्या प्लायवूड कारखान्यात
नवं यंत्र थप्पीवर वाकतं,
रबरी ओठ टेकतं, श्वास आत ओढतं
आणि बर्चचं एकच पातळ पान
अलगद पट्ट्यावर ठेवतं.
मिनिटाला अठरा.

तुओवी बाजूला उभी.
एकतीस वर्षं हेच केलं तिनं, अंगठा ओला करून.
जोडपान तिला वजनावरून नाही,
आवाजावरून कळायचं.

पहाटे लाल दिवा. यंत्र अडलं.
दोन पानं एकमेकांना सोडेनात.
आर्त्तु पडदा चाळत राहिला, घाम पुसत.

तिनं हातमोजा काढला,
कोपऱ्यावर फुंकर घातली.

सुटली.

"कशानं चिकटली होती?"
"परवापर्यंत एकच होती ती. खोडात."

त्यानं मान हलवली
आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं:
ओलावा.