तोरणमाळला, दीड दिवस

शहादा मागे पडलं तरी मागच्या सीटवरून
कुणी विचारलं नाही, अजून किती लांब.
म्हणून मीच विचारलं.
हितेंद्र हसला, घाट चढवत राहिला.

पोरं चोपड्याला, माझ्या माहेरी.
बॅगेत चुकून आलेला एक मोजा,
बोटभर लांबीचा.
मी तो परत तळाशी ठेवला, नीट घडी करून.

तलावाकाठच्या खानावळीत
शेवभाजी आली, तर्री लालभडक,
आणि मी पेला टेबलाच्या कडेपासून आत सरकवला.
किती वर्षांनी दोघं एकदम, गरम जेवत होतो.
निघताना वाटलेलं, बोलायचं केवढं साचलंय.
बोललो ते गुंजनच्या किडक्या दाताबद्दल.

रेंज एकाच टेकाडावर, मोहाच्या झाडाखाली.
दुर्वांक म्हणाला, "आई, नंतर कर ना,
मी आजोबांसोबत केळीत आहे."
ठेवलासुद्धा.
आम्ही उभे, वाऱ्यात,
रडू आवरायची तयारी करून आलेली माणसं,
आणि पलीकडे कुणी रडतच नव्हतं.

रात्री नऊनंतर कुजबुजत होतो.
"मोठ्यानं बोल की," तो मोठ्यानं म्हणाला
आणि स्वतःच दचकला.
मग हसू आलं, ते उशीत दाबलं
जुन्या सवयीनं.

सकाळी कळण्याची भाकर.
त्यानं तुकडा मोडला, आणखी बारीक केला,
ठेच्याला न लावता, फुंकर घालून
माझ्या तोंडापाशी आणला.
हात तिथंच थांबला.
चूक लक्षात आली होती त्याच्या.

मी आ केलं.