हळदीच्या पानात

वहीत दोनच रकाने: फुलपाखरू. पतंग.
आचऱ्याच्या परसात हा बसला
आणि पेन्सिल अडली.

अंग जाडसर, रंग भिजल्या काथ्याचा,
त्यावर चुन्याचे ठिपके.
डोळे डोक्याला न परवडणारे.
मिशांची टोकं वळलेली, गळासारखी.
पुढचे पंख अर्धे उभे, मागचे आडवे:
शीड उतरवता उतरवता
कुणी हाक मारल्यावर राहिलेली होडी.

सत्यवती पातोळ्यांसाठी पानं कापत होती.
एक आधीच गुंडाळलेलं, रेशमानं टाचलेलं,
आत हिरवी अळी.
"हिणां माझ्या आदीच पातोळो वळल्यान!"
ते पान तिनं सोडलं.

वळून पाहिलं, तर हा नाही.
उडताना दिसलाच नाही.

फुलपाखरू, मी लिहिलं. पुढे: बहुतेक.

परसात तेवढं एक पान
वाऱ्यावर जड हलत होतं.