सातव्या टाकीला पुरे माहीत नाही

पासुरुआनमध्ये पहाटे तीनला
हवेला करपलेल्या गुळाचा वास असतो.
टँकरमधून मळी उतरते, काळी, आळसावलेली,
आणि मी, सुप्रिहातिन, रात्रपाळीची,
बशीएवढ्या काचेतून
सातव्या टाकीत डोकावते.

आत फेस. बाकी काही दिसत नाही.
तापमान एकतीस. अमोनिया थेंबाथेंबाने.
तळातून हवा बुडबुडत वर येते.
त्यातल्या एका थेंबात
साऱ्या जावा बेटावरच्या माणसांहून जास्त जीव,
आणि एकही झोपलेला नाही.

पहिल्या दिवशी फोरमन हेर्मान्तो म्हणाले होते,
मातीतला मूळचा जंतू शहाणा.
लायसिन आपल्यापुरतं झालं
की स्वतःच तोटी बंद करतो.
असला शहाणपणा कारखान्याला परवडत नाही.
म्हणून निवडत निवडत
त्याची ती तोटी मोडून ठेवली.
आता त्याचं भरतं, उतू जातं,
अंगाबाहेर सांडतं,
ते सांडलेलं आपण गाळायचं, वाळवायचं,
पंचवीस किलोच्या पोत्यात शिवायचं.
कोंबड्यांना. डुकरांना, तिकडे समुद्रापार.

मी वहीत लिहून घेतलं:
जंतूला पुरे कळत नाही.
आणि पेन तिथेच थांबलं.

आई तेंपे करते. लेगियेम तिचं नाव.
भिजले सोयाबीन पायांनी तुडवायचे,
सालं पाण्यावर सोडून द्यायची,
केळीच्या पानात पुड्या बांधायच्या.
दोन रात्रींत पांढरी बुरशी
दाण्याला दाणा टाचत जाते.
पुडी हातात घेतली तर कोमट लागते,
ताप उतरत आलेल्या मुलाच्या कपाळासारखी.
लायसिन हा शब्द तिने ऐकलेला नाही.
तिला एवढंच ठाऊक
की नुसत्या भातावर पोर उभं राहत नाही.
भातात जे थोडं पडतं
ते सोयाबीनकडून मागून आणावं लागतं.

आम्ही पाच भावंडं, तेंपेचे काप पाच.
तिच्या ताटात भात, मीठ, मिरची.
"विस, वारेग," म्हणायची.
झालं, पोट भरलं.
माझ्या नावातही तेच घालून ठेवलंय तिने:
प्रिहातिन, म्हणजे पोटाला चिमटा काढून राहणं.

शरीराकडे ही तोटीच नाही, मोडायला किंवा मिटायला.
वीसांपैकी काही आपण घरी करतो,
हे मात्र दारातून आतच यावं लागतं.
आत आलं की लांब शेपटीचं, टोकाला अधिकचं चिन्ह.
त्या शेपटीने ते जनुकाचा धागा
रिळावर धरून ठेवतं,
चरबीला भट्टीच्या दारापर्यंत नेणारी गाडी
त्याच्याच लाकडाची,
आणि हाडात, कातडीत,
दोरापाशी दोर आणून गाठ मारतं.

गेल्या वर्षी आईचं मनगट मोडलं.
नदीच्या पायरीवर, टोपलीसकट.
डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडाला धरला
आणि वयाचं कारण सांगितलं.
मी पाहत राहिले ती राखाडी चिरफळी.
तिला विचारायचं नव्हतं,
तरी मनात बेरीज सुरू झाली,
रोजचा एक काप, गुणिले एकोणीस वर्षं.
हाड असा हिशोब ठेवतं का, कोण जाणे.
डॉक्टरीणबाईंनी तसं म्हटलं नाही.

काल कामावर निघण्याआधी मी तळले.
तिच्या ताटात चार काप वाढले,
आणि समोर बसून राहिले, हटवादी, फोरमनसारखी.
बाहेर अर्जुनो डोंगरावर ढग बसलेला.
एक खाल्ला. दुसरा खाल्ला.
तिसऱ्याला मनगट चोळत म्हणाली, विस.
मी म्हटलं, अजून.
तिने खाल्ला.
ताट रिकामं झालेलं मी पाहिलं.

आता तीन वाजून दहा मिनिटं.
सातवी टाकी उतू जाते आहे,
तिला कुणी मुलंबाळं नाहीत.
मी डबा उघडते.
भाताखाली, केळीच्या पानात,
चौथा काप.