डाख

कुलाब्यात आमची खोली जमिनीखाली आहे.
भरतीला भिंत थोडी घामेजते,
वर लिफ्ट हलली की आलेख शिंकतो.

एक तार, केसाच्या हजाराव्या भागाएवढी जाड.
तिच्यात कुठंतरी भोवरा असावा
चुंबकाच्या अतिबारीक सुयांचा:
मधल्यांनी मान खाली घातलेली,
कडेच्या वर बघणाऱ्या,
आणि दोहोंमधल्या हळूहळू कलत गेलेल्या.
प्रकाशाला तो सापडत नाही, फारच लहान.
म्हणून ऊब द्यायची.
तापल्या टोकानं तारेवरून चालायचं
आणि आडव्या दिशेला विचारायचं,
काही जाणवलं का?
उत्तर व्होल्टच्या अब्जाव्या हिश्शांत येतं.
बाबांना फोनवर म्हटलं, जिऱ्याएवढं समजा.
ते म्हणाले, आख्खं की कुटलेलं?

ऑक्टोबरात मला भोवरा मिळाला.
एकशे बारा नॅनोव्होल्ट, तारेच्या उजव्या टोकाशी.
पेढे आणले. वाटायच्या आधी
एग्नेलमामा म्हणाले, "चुंबक उलटा कर बघू."

दिशा फिरवली की खऱ्या भोवऱ्याचं चिन्ह फिरतं,
अधिकाचं उणं होतं.
आमचे एकशे बारा जागचे हलले नाहीत,
निर्लज्ज.

मामा वसईचे. निवृत्तीला सात महिने.
सोल्डरला अजून डाख म्हणतात.
भिंगातून बराच वेळ बघत राहिले,
मग म्हणाले, "हा माझाच डाख गं."
दोन धातू भेटले, एकीकडे ऊब जास्त झाली,
की थोडी वीज उगवतेच.
त्याला भोवरा लागत नाही.

तीन महिने मी त्यांच्या हाताचा आलेख काढत होते.

त्यांनी डाख सोडवला, चष्मा पुसला,
नवा दिला, तिळाहून लहान.
हात थरथरला तो माझा,
आणि मी तर फक्त बॅटरी धरली होती.

रात्री पावणेतीन. लिफ्ट बंद करायला
वॉचमनला कसंबसं पटवलेलं. एसीही बंद.
टोक चालू लागलं.
काही नाही.
काही नाही.
मधोमध नऊ.

खडबडीत नऊ, गोंगाटातून जेमतेम डोकं वर काढलेलं.
चुंबक फिरवला.
उणे नऊ.
पुन्हा फिरवला, कारण मामा काहीच बोलत नव्हते.
नऊ.

पेढे केव्हाच आंबले होते.
मामांनी वही ओढली, तारीख घातली,
आकडा मला लिहू दिला,
आणि खाली स्वतःच्या अक्षरात:
डाख बदलल्यावर.