दाराच्या बाजूला

अब्बा नव्या जमातीला शिकवत :
कडी वाजवली की दाराच्या बाजूला सरायचं,
नजर खाली. आत बघायचं नाही.
तीनदा वाजवा. कुणी आलं नाही
तर पुढचं दार.

गोदीतली वेल्डरची नोकरी सोडली त्यांनी.
वळकटी, स्टोव्ह, एक जर्मनचं ताट,
चाळीस दिवस, परत चाळीस दिवस.
माझगावात सगळे म्हणत, अमीरसाहेब.
अम्मी म्हणे, रॉकेल संपलंय.

नळबाजारात एका दारुड्यानं
वरून बादली ओतली त्यांच्या अंगावर.
दाढी पिळत म्हणाले, "चला, वुजू झाला."
पुढं तोच माणूस त्यांचा स्टोव्ह उचलून हिंडायचा.
ही गोष्ट मला परक्यांनी सांगितली,
किती जणांनी, मोजलं नाही.

दहावीचा निकाल मी कार्डावर कळवला.
पत्ता : मोठी मशीद, सावनूर.
कार्ड पोचलं तेव्हा जमात पुढच्या गावी.

चार महिन्यांनी, रात्री, कडी वाजली.
तीनदा.
दार उघडलं तर समोर कुणीच नाही.
बाजूला अब्बा, नजर उंबऱ्यावर,
सवयीनं विचारत होते,
"घरात कुणी पुरुषमाणूस आहे का?"

"नाही," मी म्हटलं.
"ते जमातीत गेलेत."

आतून अम्मी ओरडली,
कोण आहे गं?