पाठ

बऱ्हाटेंच्या केळीत मी डबा वाजवते.
अकरा ते पाच. रोजचे दोनशे, वर पडलेल्या फण्या घरी.
खिरोद्याच्या पुढे, पालच्या रस्त्याला,
जिथं सातपुडा पाय पसरून बसल्यासारखा दिसतो.

वानरांना माझी वेळ माहीत आहे.
तेलाचा डबा वाजला की वर बघतात,
तोंडं काळी, भुवया पांढऱ्या,
जशी म्हातारी माणसं लग्नातल्या बँडकडे बघतात:
त्रास आहे, पण घरचाच आहे.
गोफणवाला हुरमत तडवी आला, की मात्र शेंड्यावर.
मी दगड मारत नाही, हे त्यांना कोणी सांगितलं?
मी तर बऱ्हाटेभाऊंनाही सांगितलेलं नाही.

त्या दुपारी मोटारीच्या खोलीवर
दोन वानरिणी भांडल्या.
एका फणीवरून. तीही अर्धी काळी पडलेली.
दात, नखं, पत्र्याचा असा आवाज
की निळ्या पिशव्यांतले घड दचकले.
एकीचा कान फाटला.
मी डबा खाली ठेवला.
दुसऱ्यांचं भांडण बघायला मिळालं
की मीही काही वाजवत नाही.

वाटलं, आता ह्यांच्या दोन टोळ्या होतील,
एक नाल्याच्या अलीकडे, एक पलीकडे.
तलाठी येईल.

कळण्याची भाकरी सोडली, ठेचा.
सावली ड्रिपच्या एका नळीवरून दुसरीवर गेली, एवढाच वेळ.
जिनं कान फाडला होता ती उठली,
दबकत आली,
हातभर अंतरावर थांबली
आणि तिनं पाठ फिरवली.

माझ्या जिभेवर आलंच: बघ, फिरवली पाठ.
पण ती तशीच बसून राहिली.
मान खाली.
जिथं चावा सगळ्यात सोपा, तेवढंच अंग पुढे केलेलं.
फाटक्या कानाची जरा वेळ डोंगराकडे बघत होती.
मग तिनं हात लांबवला,
केस बाजूला सारले
आणि शोधायला लागली काहीतरी,
जे बहुतेक तिथं नव्हतंच.

आमच्या घरात मधे भिंत आहे. एकेरी विटेची.
पलीकडे कौतिका, माझी जाऊ.
नऊ वर्षं झाली.
विहिरीवरची पाळी रात्रीची कोणाची, दिवसाची कोणाची, तेवढ्यावरून.
‘तोंड नको दाखवू मले,’ ती म्हणाली होती,
आणि मी शब्दाची पक्की.
तिचा खोकला मला पाठ आहे.
तिच्या भाकरीचे थापटे मी मोजते:
पाच असतात. परवा तीनच झाले.

हर्षल मोठ्यानं धडा वाचतो,
माणसाची शेपटी हळूहळू नाहीशी झाली.
मी विचारते, आणखी काय काय नाहीसं झालं, लिहिलंय का रे?
तो पान उलटून बघतो.
‘आजी, परीक्षेला एवढंच आहे.’

त्याचे आजोबा गेले तेव्हापासून
माझ्या डोक्याला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नाही.
एकदा लागला, सिव्हिलमधल्या नर्सचा, टाके घालताना.
दुखत नव्हतं तरी मी रडले.
ती म्हणाली, झालं मावशी, झालं.
मला वाटत होतं, अजून दोन टाके असते तर.

काल रात्री लाइट गेली.
कौतिका ओट्यावर येऊन बसली होती.
भिंत ओट्यापर्यंत येत नाही,
तिथं नुसती चुन्याची रेघ आहे, आम्ही दिवाळीला दोघी आपापल्या बाजूनं पांढरी करतो.
मी फणी घेऊन बाहेर आले.
केस सोडले. किती थोडे उरलेत.
रेघेला लागून बसले,
तिच्याकडे पाठ करून.

गल्लीतल्या कोणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, नेहमीचंच.
कौतिकालाही तसंच वाटलं असेल.
फणी मी मागे ठेवली, रेघेवर.
तोंड दाखवू नको म्हणाली होती,
दाखवलं नाही.

मान खाली घातली.
डीपीवर कोणीतरी टॉर्च मारत होतं.
मागे बांगडी वाजली,
किंवा तिनं डास मारला असेल.

मी वळून बघितलं नाही.
ती वानरीणही वळून बघत नव्हती.